आलंकारिक भाषा : ओळखायची कशी, वापरायची कशी

नव्याने लिहू लागलेल्यांचे लेखन वाचताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. साध्या मजकुरात त्यांची भाषा छान चालते. काय घडले, कोण काय म्हणाले, सगळे स्वच्छ उतरते. मग एखाद्या ठिकाणी ‘इथे काहीतरी सुंदर लिहायला हवे’ असे त्यांना वाटते आणि पुढच्याच वाक्यात चंद्र, सागर, मोती, डोंगर अशी गर्दी होते. अलंकार म्हणजे भाषेचा दागिना, एवढेच शाळेतून आपल्या लक्षात राहिले, त्याचा हा परिणाम असावा. मला ते पटत नाही. साध्या शब्दांत जे पकडीत येत नाही, ते पकडायला माणूस शब्द वाकवतो. वाकवून काही जास्तीचे हाती लागत नसेल, तर शब्द सरळच ठेवावा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर मी हीच कसोटी लावणार आहे.

हा लेख दोघांसाठी आहे : नव्याने लिहायला बसलेल्यांसाठी, आणि मराठी नव्याने शिकताना ‘हा माणूस नक्की काय म्हणाला?’ असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी.

पहिली पायरी : दिवसभराचे बोलणे टिपा

एक दिवस वही जवळ ठेवा. शब्दशः अर्थ घेतला तर विचित्र वाटेल, असे जे काही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या तोंडून निघेल ते लिहून काढा. डोकं खाऊ नकोस. हा रस्ता कुठे जातो? भाव पडले. आवाज बसला. पोरगं हाताबाहेर गेलं. दुपारपर्यंत पान भरते. आलंकारिक भाषा कवितेच्या पुस्तकात राहते हा समज त्या पानानेच दूर होतो.

संध्याकाळी त्या पानावरच्या वाक्यांची विषयवार जुळणी करा. मजा इथे सुरू होते. राग पेटतो, भडकतो, धुमसतो, शांत होतो, म्हणजे तो विस्तव आहे. पण तोच राग आपण गिळतो आणि ओकतोही. वेळ आपण वाचवतो, घालवतो, खर्च करतो, म्हणजे वेळ हा पैसा झाला. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८० मध्ये हाच मुद्दा मांडला : रूपके बोलण्यापुरती नसतात, आपण विचारच त्यांच्या आधाराने करतो.

मराठीचा एक खास नमुना मला फार आवडतो. आपल्याकडे भावना ‘येतात’. राग आला, कंटाळा आला, कीव आली, तुझी आठवण आली. ‘मी’ इथे कर्ता नसतोच, ‘मला’ असतो. भावना बाहेरून चालत येते आणि माणूस तिला सामोरा जातो. भूक, तहान, झोप मात्र ‘लागतात’. हे आपण जन्मभर बोलत आलो आणि कधी थबकून पाहिले नाही. लिहिणाऱ्याने पाहावे, कारण आठवण खरोखरच चालत येत असेल तर ती दारात घुटमळेल, न सांगता आत शिरेल, रात्री मुक्कामाला राहील. नव्या प्रतिमा अशा भाषेच्या पोटातूनच निघतात.

दुसरी पायरी : शब्द वाट का सोडतो ते पाहा

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. नावे जड आहेत, पण वाचताना त्यांच्याइतकी कामाची दुसरी वस्तू मला सापडलेली नाही.

अभिधा म्हणजे सरळ अर्थ. ‘झाडावर पक्षी बसला.’ इथे शोधायला काही नाही.

लक्षणा म्हणजे सरळ अर्थ सोडून त्याच्याशी नाते असलेला दुसरा अर्थ घेणे. ती केव्हा मानायची, याच्या तीन अटी अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने नेमक्या मांडल्या आहेत. एक, सरळ अर्थाला अडथळा यायला हवा. दोन, नव्या अर्थाचा जुन्याशी काही संबंध हवा. तीन, असे बोलण्यामागे एकतर रूढी हवी किंवा हेतू हवा. ‘रात्री अकराला सगळे गाव झोपले.’ गाव म्हणजे घरे, रस्ते, झाडे. ती झोपत नाहीत, हा अडथळा. गावात माणसे राहतात, हा संबंध. रूढीने आपण असे बोलतोच. अपरिचित वाक्य समोर आले की हेच तीन प्रश्न विचारा : काय जुळत नाही? कशाशी नाते आहे? आणि सरळ का नाही सांगितले?

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. शास्त्रकारांचे लाडके उदाहरण आहे ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती’. प्रवाहावर वस्ती कशी असेल? अर्थ काठावर असा घ्यायचा. मग ‘काठावर’ असेच का म्हटले नाही? कारण ‘गंगेवर’ म्हटल्याने नदीचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला चिकटते, ‘काठावर’ म्हटल्याने तेवढे चिकटत नाही. वर सांगितलेले ‘जास्तीचे’ ते हेच.

रूढीच्या लक्षणेत मात्र असे जास्तीचे काही उरलेले नसते. ‘कुशल’ म्हणजे कुश नावाचे धारदार गवत हात न कापता आणणारा, अशी त्या शब्दाची उकल परंपरेने सांगितली जाते. ‘प्रवीण’ म्हणजे वीणेत तरबेज. आज कुशल कारागीर म्हणताना गवत कोणाला दिसत नाही. प्रतिमा झिजून शब्द झाला. हे ध्यानात ठेवा, सहाव्या पायरीवर लागेल.

व्यंजनेत वाक्य सरळच असते, अडथळा कुठेच नसतो, तरी ऐकणाऱ्याला काही वेगळे ऐकू येते. ‘सूर्य मावळला’ हे तिचे जुने उदाहरण. गुराख्याला ते ‘गुरे परत फिरवा’ असे ऐकू येते, चोराला ‘तयारीला लागा’ असे, वाट पाहणाऱ्या बाईला ‘अजून आला नाही’ असे. वाक्य एकच, ऐकणारे तीन. नवव्या शतकात आनंदवर्धनाने या सूचित अर्थाला ‘ध्वनी’ म्हटले आणि काव्याचा आत्मा मानले. मराठी शिकणाऱ्यांनी हे फार जपावे. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली असे न म्हणता ‘वाढली’ म्हणण्याची रीत होती. शब्द उलट दिशेला चाललेला दिसला की समजावे, इथे काहीतरी अशुभ टाळले जात आहे.

तिसरी पायरी : एक उपमा सुटी करून परत जोडा

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ही यादी शंभराच्या पलीकडे नेली. परीक्षा द्यायची नसेल तर यादी पाठ करू नका. एक उपमा नीट उलगडता आली की निम्म्याहून अधिक यादी आपोआप कळते.

उपमेची अंगे चार. ज्याचे वर्णन करायचे ते उपमेय, ज्याच्याशी तुलना ते उपमान, दोघांत सारखा असलेला गुण म्हणजे साधारण धर्म, आणि जोडणारा शब्द : सारखा, जसा, प्रमाणे, परी. हे वाक्य घ्या :

‘दादाचा राग वावटळीसारखा अचानक उठतो आणि क्षणात विरतो.’

राग उपमेय, वावटळ उपमान, अचानक उठून विरणे हा साधारण धर्म, ‘सारखा’ हा जोडणारा शब्द. आता एकेक अंग हलवून बघा. ‘दादा चिडला की जणू घरात वावटळच शिरते’ ही उत्प्रेक्षा. ‘जणू’ने तुलना कल्पनेच्या अंगाला झुकली. ‘दादाच्या रागाच्या वावटळीत आम्ही सगळे कोपऱ्यात बसायचो’ हे रूपक. जोडणारा शब्द गळाला आणि राग व वावटळ एकच झाले. ‘हा राग नव्हेच, ही वावटळ’ ही अपन्हुती. उपमेय नाकारले आणि उपमानच खरे ठरवले. ‘वावटळ निदान धूळ तरी मागे ठेवते, दादाचा राग तेवढेही ठेवत नाही’ हा व्यतिरेक. उपमेयाने उपमानावर मात केली. आणि ‘वावटळ दारातच घुटमळली, आत यावे की नाही ते तिला ठरवता येईना’ असे लिहिले की निर्जीव वस्तूला माणसाचे मन मिळाले, म्हणजे चेतनगुणोक्ती.

हा सराव रोज एका वाक्यावर करा. करताना दोन गोष्टी तपासा.

एक, साधारण धर्म खरा आहे का. ‘तिचे डोळे चंद्रासारखे’ यात नेमके काय सारखे आहे, हे लिहिणाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही. विचारले की उत्तर येते, ‘म्हणजे सुंदर.’ सुंदर हा साधारण धर्म फार पातळ आहे, जगातल्या निम्म्या वस्तूंना तो लागू होतो.

दोन, उपमानासोबत नको असलेले काय घरात येते. वावटळ म्हटले की धूळ, पालापाचोळा, डोळ्यांत जाणारे कण हेही येते. रागाला ते शोभते म्हणून वावटळ चालली. लहान मुलाच्या धावण्याला ‘वावटळ’ म्हणताना मात्र ती धूळ चालणार आहे का, हे स्वतःला विचारावे लागते. उपमान कधी एकटे येत नाही.

आणि उपमान स्वतः पाहिलेले असावे. ज्याने समुद्र कधी पाहिला नाही त्याने समुद्राच्या उपमा देऊ नयेत, हे माझे हट्टाचे मत आहे. ज्याने रोज सायकलची साखळी बसवली आहे, त्याने साखळीवरून उपमा द्यावी. ती चुकणार नाही.

चौथी पायरी : वाक्प्रचार जसा आहे तसा घ्या

प्रतिमा नवी घडवता येते, वाक्प्रचार घडवता येत नाही. तो समाजाने घडवून ठेवलेला असतो आणि त्यातली वीटही हलवायची सोय नसते. ‘कंबर कसणे’ म्हणजे निश्चयाने तयार होणे, पण ‘कंबर घट्ट बांधली’ म्हटले की फक्त कापड दिसते. ‘नाक मुठीत धरून’ शरण जाता येते, ‘नाक हातात धरून’ जाता येत नाही. ‘त्यांनी हात टेकले’ म्हणजे हार मानली. ‘त्यांच्याकडून हात टेकवले गेले’ म्हटले की हार नाहीशी होऊन जमीन आणि तळवे उरतात. बदलते ते एवढेच : काळ, पुरुष, लिंग, वचन यांप्रमाणे क्रियापद. कसली, कसतील, कसून.

मराठीत शरीराच्या अवयवांवर शेकडो वाक्प्रचार उभे आहेत. त्यांतली खरी अडचण शब्द लक्षात ठेवण्याची नसून प्रत्ययाची आणि वचनाची आहे. डोळाच घ्या. ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली. ‘डोळे लागले’ म्हणजे कोणाची तरी वाट पाहत राहिले. एकवचनाचे अनेकवचन झाले आणि झोपलेला माणूस जागा झाला! ‘जागेवर डोळा आहे’ म्हणजे ती बळकावायची इच्छा आहे. ‘डोळ्यात भरला’ म्हणजे आवडला, ‘डोळ्यात सलला’ म्हणजे त्याचे बरे झालेले बघवले नाही. ‘डोळे मिटले’ म्हणजे माणूस गेला, आणि ‘डोळेझाक केली’ म्हणजे दिसत असून पाहिले नाही. या दोन वाक्यांत गल्लत झाली तर काय होईल, याची कल्पना करा.

पाठीचेही तसेच. ‘मी तुझ्या पाठीशी आहे’ हा धीर आहे, ‘मी तुझ्या पाठीस लागलो आहे’ हा त्रास आहे. फरक एका अक्षराचा. पोटात एखाद्याची चूक ‘घातली’ तर ती माफ झाली, गुपित ‘ठेवले’ तर ते सुरक्षित राहिले, आणि कोणाच्या ‘पोटावर पाय आणला’ तर त्याची रोजीरोटी गेली.

म्हणून वाक्प्रचार सुटा पाठ करू नका. पूर्ण वाक्यात लिहा, आणि कोण कोणाला म्हणत आहे तेही लिहा. माझ्या मते वहीत तीन रकाने असावेत : वाक्प्रचार, तो ऐकलेले खरे वाक्य, आणि बोलणाऱ्याचा सूर. शंका आली तर दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशात शोधा. जुना वापर पाहायचा असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आजही कामाला येते; शब्दाखाली त्याचे वाक्प्रचार दिलेले सापडतात.

सुराचे महत्त्व एका उदाहरणाने कळेल. मृत्यू ही एकच घटना. वारले, गेले, निधन झाले, देवाघरी गेले, देह ठेवला, खपले, मेले. अर्थ सगळ्यांचा एकच, पण ‘देह ठेवला’ संतसत्पुरुषाबद्दल म्हणतात, ‘खपले’ साथीत किंवा युद्धात माणसांची मोजणी झाल्यासारखे वाटते, ‘देवाघरी गेले’ लहान मुलाला समजावताना ऐकू येते. शोकपत्रात ‘खपले’ लिहिले तर क्षमा नाही.

पाचवी पायरी : म्हण कोणाला ऐकवतो आहोत ते पाहा

वाक्प्रचार वाक्यात मुरतो, म्हण स्वतःच पूर्ण वाक्य असते आणि न बदलता येते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ कोणालाही म्हणता येते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ मात्र समोरच्याचा कमीपणा दाखवते, ती वडीलधाऱ्यांना ऐकवली की उद्धटपणा होतो. म्हण आधीच्या वाक्याचा निकाल लावते. त्यामुळे तिच्यानंतर त्याच अर्थाचे स्पष्टीकरण देऊ नका, आणि एका लेखात दोनपेक्षा जास्त म्हणी शक्यतो नकोत.

सहावी पायरी : तीन खड्डे ओळखा

पहिला खड्डा मिश्र प्रतिमेचा. ‘भ्रष्टाचाराच्या दलदलीला लगाम घातला पाहिजे.’ दलदलीला लगाम कुठे बांधणार? लिहिणाऱ्याला ना दलदल दिसली ना घोडा, दोन्ही शब्द तयार मिळाले म्हणून जोडले. उपाय सोपा आहे : वाक्याचे मनात चित्र काढा. चित्र निघाले नाही तर वाक्य मोडा.

दुसरा, झोपलेली प्रतिमा नको तेव्हा जागी होण्याचा. ‘पुराने गावकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळवले.’ वाक्प्रचार बरोबर, अर्थही बरोबर, पण शेजारी पूर असल्याने त्यातले झिजलेले पाणी पुन्हा ओले झाले आणि गंभीर बातमीत हसू आले. विषय पाण्याचा असेल तर पाण्याचे वाक्प्रचार, आगीचा असेल तर आगीचे, एकदा तपासून घ्यावेत.

तिसरा, दुसऱ्या भाषेतून उचललेल्या प्रयोगाचा. ‘दिवसाच्या शेवटी कष्टच महत्त्वाचे’ हे वाचून मराठी माणसाला संध्याकाळ दिसते. उसने घेणे हा दोष नाही. ‘हिमनगाचे टोक’ आपल्यात पाहुणे म्हणून आले आणि घरचे झाले, कारण ते चित्र मराठीतही पूर्ण उमटते. मूळ भाषा न येणाऱ्या एका वाचकाला वाक्य वाचून दाखवा. तो अडखळला नाही तर ठेवा.

आणि काही ठिकाणी शब्द मुळीच वाकवू नये : करारनामा, औषधाच्या सूचना, यंत्र जोडण्याचे टप्पे, डॉक्टरांना सांगायचे लक्षण. ‘पोटात गोळा आला’ म्हणजे भीती वाटली, ‘पोटात गोळा आहे’ म्हणजे तपासणी हवी. घाईत हा फरक ऐकणाऱ्यावर सोपवणे धोक्याचे असते.

सातवी पायरी : लिहिलेले पुन्हा हातात घ्या

आता एक उतारा दुरुस्त करू. नव्या लेखकाने लिहिले आहे :

‘आजोबा गेले आणि आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. घर ओकेबोके झाले. आजीच्या डोळ्यांतून अश्रूंचा महापूर वाहू लागला. तिच्या जीवनात अंधार पसरला.’

यात खोटे काही नाही. दुःख खरे आहे, हे मला लिहिणाऱ्याच्या घाईतूनही जाणवते. पण चार वाक्यांत डोंगर, महापूर आणि अंधार, आणि तिन्ही इतके झिजलेले की एकही दिसत नाही. कुशलमधल्या गवतासारखे. आधी सगळ्या प्रतिमा काढा आणि काय उरते ते पाहा : आजोबा गेले, घर रिकामे वाटले, आजी रडली. फारसे काही हरवले नाही. म्हणजे त्या प्रतिमा काम करत नव्हत्या.

मग लेखकाला एकच प्रश्न विचारायचा : तू त्या दिवसांत डोळ्यांनी काय पाहिलेस? उत्तर यायला वेळ लागतो, घाई करू नये. असे काहीसे निघते :

‘आजोबांची खुर्ची खिडकीशी तशीच होती. आजी केर काढताना तिच्याभोवतून केरसुणी फिरवायची, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये अशा बेताने. खुर्ची तिने कधी हलवली नाही. ती आमच्यासमोर रडलीही नाही.’

तुलना एकच राहिली आणि ती केरसुणीच्या चालीला जोडलेली आहे, दुःखाला थेट नाही. ‘झोपलेल्या’ हा शब्द मृत्यूचे नाव न घेता त्याच्याजवळ जाऊन उभा राहतो. दुसऱ्या पायरीवरची व्यंजना ती हीच. शेवटचे वाक्य वाचून लेखकाला तिथे ‘तिचे अश्रू गोठले होते’ अशी भर घालावीशी वाटेल. घालू नये. आजी रडली नाही, एवढेच तिथे राहू द्यावे.